मागण्याच्या वेळी टाळ खाली

हे दत्तात्रेया, हे ऐकणाऱ्या देवा! जग तुझी तीन मुखे पाहते, पण गांजलेल्यांची सारी भिस्त तुझ्या सहा कानांवर. त्या कानांना आधी वंदन करावे आणि मग नाव घ्यावे हुबळीच्या सुलभाचे. कारण तिला माणसांचे कान मिळाले नाहीत.

बाजारातल्या मराठी दुकानदारांनी बांधलेल्या दत्तमंदिरात दर गुरुवारी सायंकाळी भजन होई आणि आरतीपूर्वी 'मागणे' होई. रीत अशी, की टाळ जमिनीवर ठेवायचे, मृदंगावरचे हात उचलायचे आणि ज्याला जे सांगायचे असेल त्याने उभे राहून देवाला मोठ्याने सांगायचे. मध्ये कोणी बोलायचे नाही. एकदा अनिताने सासूबाईंच्या देखत सासूबाईंच्या जिभेला विश्रांती मागितली. सासूबाईंचा नंबर आला तेव्हा त्या म्हणाल्या, "देवा, आधी हिच्या!" आणि मृदंगवाला यल्लाप्पा हसता हसता भिंतीला टेकला. रुसवा कोणी धरला नाही. देवाला सांगितलेले देवापाशीच राहते, अशी सर्वांची श्रद्धा.

सुलभा मागण्याला कधी उभी राहिली नव्हती. तिचा नवरा शंकर गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात काम करी. एके दिवशी तेथे वजन उचलणारी साखळी तुटली आणि लोखंडी साचा शंकरवर कोसळला. तो जागीच गेला. पुढे कारखान्यातून बोलवा उठली, की शंकर दारू पिऊन कामावर आला होता. ज्याने जन्मात थेंब ओठाला लावला नव्हता, त्याच्या चितेवर हे लाकूड नंतर चढवले गेले. सुलभा तेही गिळून बसली असती, पण मुलगी दीपश्री कॉलेजातून आली आणि दप्तर न उतरवताच तिने विचारले, "आई, बाबा खरंच प्यायले होते?"

त्या गुरुवारी सुलभा उभी राहिली.

"देवा, माझा नवरा प्यायला नव्हता. साखळीची कडी झिजली होती. त्यानं अण्णांना सांगितलं होतं. अण्णा म्हणाले, हा महिना निघू दे. मला दुसरं काही नको. त्याचं नाव तेवढं स्वच्छ कर."

अण्णा म्हणजे श्रीकांत अण्णा; त्या कारखान्याचे मालक आणि त्या मंदिराचे प्रमुख पंच. ते देवाच्या उजव्या बाजूला बसले होते. त्या क्षणी समईची वात चरचरली तीसुद्धा ऐकू आली.

आठवडा सरण्याआधी अण्णांच्या वकिलाची नोटीस आली. येत्या गुरुवारी त्याच जागी उभे राहून 'मी खोटे बोलले' असे सांगावे, नाहीतर अब्रुनुकसानीचा खटला. शेजारची गौतमी धारवाडला एका वकिलाच्या कचेरीत काम करी; तिने नोटीस वाचली.

"मावशी, बोलायचा हक्क घटनेनं दिलाय. पण खोटं बोलून दुसऱ्याची अब्रू घ्यायचा नाही दिला."

"मी खोटं कुठं बोलले गं?"

"मला ठाऊक आहे. कोर्टाला ठाऊक व्हायला पाहिजे. कडी बघितलेलं कोण आहे?"

"उमेश. शंकरच्या बरोबर कारखान्यात होता, अजून आहे. भजनात टाळ वाजवतो बघ."

"मग जा त्यांच्याकडे. तुमचं खरं आता त्यांच्या तोंडात आहे."

उमेशने तिला आदराने बसवले. "चहा ठेवू का वैनी?"

"चहा नको. कडी तू बघितली होतीस ना, उमेश?"

त्याने तरीही चहाचे आधण ठेवले. मग म्हणाला, "मला काय माहीत नाही वैनी. तुम्ही देवळात काय बोललात तेसुद्धा मला ऐकू आलं नाही. टाळ वाजत होते."

सुलभा त्याच्याकडे पाहत राहिली. "मागण्याच्या वेळी टाळ खाली असतात रे."

उमेशची मान खाली गेली. "पोरगी बारावीला आहे, वैनी," एवढेच तो बोलला.

गुरुवार आला. श्रीकांत अण्णा मायेने म्हणाले, "बोला वहिनी. देवापुढं बोललं की मन हलकं होतं." टाळ खाली ठेवले गेले. सुलभा उभी राहिली. हात जोडलेले, पदर खांद्यावर.

"देवा, मागच्या वेळी मी जे बोलले ते..." सारे मंदिर पुढे झुकले. "ते खरं आहे. कडी झिजली होती, आणि..."

अण्णांनी उमेशकडे पाहिले. उमेशने टाळ उचलले आणि वाजवू लागला. त्याच्यामागे दुसऱ्याने उचलले, मग साऱ्यांनीच. जे खोटे तो आपल्या घरात बोलला होता, ते त्याने देवाच्या घरात खरे करून दाखवले.

"यल्लाप्पा, धर की ठेका!" कोणीतरी ओरडले.

"ब्याड्री, नको हो," यल्लाप्पा म्हणाला, "मागण्याला हात लावायचा नसतो." आणि त्याने हात मांडीवर ठेवले. ठेक्यावाचून टाळ बेताल झाले, पण थांबले नाहीत.

सुलभाच्या तोंडावर कोणी हात ठेवला नव्हता. तिचा हक्क कागदावर जसाच्या तसा शाबूत होता. ती शेवटपर्यंत बोलली. पण दिसले ते फक्त हलणारे ओठ. तिने देवाला नमस्कार केला, चपला घातल्या आणि ती घरी गेली.

पुढे मागणे बंद झाले. आरतीला उशीर होतो, असे कारण सांगण्यात आले. यल्लाप्पाला बोलावणे येईनासे झाले. ठेका आता यंत्रावर लावतात. अनिता आणि तिच्या सासूबाई मुकाट्याने प्रसाद घेऊन परततात. खटला उभा राहिला आहे आणि सुलभा धारवाडच्या कोर्टात तारखांना जाते.

दर गुरुवारी ती घरीच दिवा लावते, दार सताड उघडते आणि आपले मागणे मोठ्याने सांगते. दीपश्री जवळ बसते. कधी यल्लाप्पा पायरीवर येऊन टेकतो. एका गुरुवारी समोरच्या विजेच्या खांबापाशी उमेश उभा दिसला. हात मोकळे होते. सुलभाने आवाज चढवला नाही, उतरवला नाही. शब्दामागून शब्द नीट सांगत गेली. त्याने अखेरपर्यंत ऐकले. मग रस्ता ओलांडून न येता तो वळला आणि निघून गेला.

हे सहा कानांच्या देवा, शंकरचे नाव निर्मळ होवो. दीपश्रीला मान वर करून चालता येवो. सुलभाच्या कंठातले बळ आटू नये, तिच्या उंबऱ्यावरचा दिवा विझू नये. आणि खांबापाशी थबकलेल्या त्या पावलांना एक दिवस रस्ता ओलांडण्याचे धैर्य मिळो. त्या उघड्या दाराचे, त्या घराचे कल्याण असो.