देव्हाऱ्यातली राणी

भायखळ्याचा पूल उतरला तरी कुशाबांची चाल मंदावली नव्हती. लालबागहून निघताना अंबिका म्हणाली होती, "काका, बस पकडूया." तर म्हणाले, "बसमध्ये तुझ्याशी बोलणार कोण, कंडक्टर?"

गिरगावातला सोनार त्यांच्या ओळखीचा, म्हणून सासूबाईंनी समोरच्या खोलीतल्या कुशाबांना सुनेसोबत धाडलं होतं. देवीचा झिजलेला टाक आटवून नवा घडवायचा होता.

कुशाबा मिलमध्ये साच्यावर कापड विणायचे. मिल बंद पडली त्या वर्षी चोरबाजारात इंग्रज सरकारच्या एका मानाच्या क्रॉसची रेशमी फीत त्यांच्या नजरेत भरली. विणकाम बघायला म्हणून घेतला आणि नाद लागला. मग दर शुक्रवारी पायी फेरी. साहेबाने संस्थानिकांना, रावबहादुरांना दिलेले तारे, पदकं, सगळं पत्र्याच्या पेटीत, मलमलीत गुंडाळून. काकू असताना म्हणायच्या, "आमच्या ह्यांना राणीने सर केलंय, रेशन मात्र मीच आणते."

"एक चांदणी तेवढी नाय मिळाली गो," चालता चालता ते म्हणाले. "इंडियन एम्पायर किताबाची. मधे राणीचा मुखवटा. दोनदा हातातोंडाशी येऊन गेली."

खेतवाडीत एका देवळाच्या पायरीवर दोघं टेकली. अंबिकाने पिशवीतून फडकं काढून उलगडलं. "हाच तो टाक."

कुशाबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. चांदीची चांदणी. किरणांच्या खाचांत कुंकू बसलेलं, मधला मुखवटा हात लागून लागून गुळगुळीत, कडेला जांभळ्या मिनाकामाचा उरलेला टवका.

"ही कुठली?"

"सासऱ्यांचे आजोबा एका संस्थानिकाच्या बंगल्यावर चाकरीला होते. तिथून मिळाली म्हणतात."

"ही देवी नव्हे गो. विक्टोरिया राणी."

अंबिकाने मुखवटा पुन्हा निरखला. दर नवरात्रात तिने हिला पंचामृताने न्हाऊ घातलं होतं. "माझ्या पोराच्या, वैभवच्या टायफॉइडात मी हिलाच साकडं घातलं होतं," ती हळूच म्हणाली.

"मग ऐकलंन ना?"

"ऐकलं."

"मग झालं तर."

ते चांदणी हातातून खाली ठेवीनात. अंबिकाने ते पाहिलं. "काका, सासूबाईंनी सकाळीच अक्षता वाहून हिची उत्तरपूजा केलीय. आता नुसती चांदी. तुम्ही ठेवा. नव्या टाकाला दुसरी चांदी घेऊ, घरी मी सांगते."

कुशाबांनी चांदणी परत फडक्यात गुंडाळली. मग म्हणाले, "ठेवतो. कुंकूपण पुसणार नाय. पण एक कर. साहेबाच्या राज्यात मानकरी वारला की काही मानचिन्हं परत करायला लागत. मी गेलो की माझा पोरगा पेटी विकेल, विकू दे. ही मात्र तू मागून घे, नि परत देव्हाऱ्यात ठेव."