जरा मुरू दे

कुमासी शहराच्या सुआमे बाजारात, जिथे मोडक्या गाड्यांना पुन्हा जीव येतो, तिथे ओपोन्ग लोहाराचं मोठं नाव होतं. तीस वर्षं भट्टीपाशी काढून त्याला एक गोष्ट पक्की कळली होती. लोखंडालाही साखरेसारखे दाणे असतात. दाणे बारीक, तर लोखंड चिवट. गरजेपेक्षा जास्त ताप दिला की दाणे एकमेकांना गिळून फुगतात आणि जाडजूड दांडासुद्धा बिस्किटासारखा मोडतो. म्हणून लाल झालं की काढा, असं तो दहा जणांना ओरडून सांगायचा.

आणि सख्ख्या भावाच्या वेळी स्वतःच विसरला.

धाकटा बाडू त्रोत्रो चालवायचा, भाड्याची छोटी बस. तिच्या स्टिअरिंगचा दांडा तडकला. ओपोन्गने तो वेल्डिंग करून जोडला, मग जोड पक्का व्हावा म्हणून भट्टीत घातला, आणि काढेचना.

“दादा, दांडा भाजतोयस की केळं?” बाडू हसला.

“गप रे! परक्याचा असता तर केव्हाच काढला असता. तुझा आहे, जरा मुरू दे.”

पार पिवळा होईतो मुरवला. माया ती, तिला कुठली अक्कल!

अकराव्या दिवशी उतारावर दांडा मोडला. गाडी रिकामी होती, म्हणून जीव गेला तो एकट्या बाडूचा. ओपोन्गने मोडका तुकडा उचलला. मोडलेल्या तोंडावर जाड्या मिठासारखे खडे चमकत होते. तुकडा त्याने फडक्यात गुंडाळला आणि कुणाला काही बोलला नाही.

घरच्यांना मात्र गुन्हेगार आयताच सापडला. त्या दिवशी सकाळी बाडूची बायको पोकुआ भांडणात ओरडली होती, “जा, परत येऊच नकोस!” अख्ख्या आळीने ऐकलं होतं. मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशीच्या बैठकीत कुळातले वडीलधारे दोम्फे म्हणाले, “हिची जीभ लागली आमच्या पोराला. हिने आजच घर सोडावं.”

काळ्या वस्त्रातली पोकुआ मान खाली घालून बसली होती. तिलाही ते खरं वाटत होतं, हेच ओपोन्गला सहन होईना. तो उठला आणि त्याने फडक्यातला तुकडा पुढे धरला.

“तिची जीभ नाही, माझी भट्टी! मी मारलं माझ्या भावाला. हे दाणे बघा!”

तुकडा हातोहात फिरला. दोम्फेंनी तो उन्हात धरला.

“अरे, किती चमकतंय! असलं अस्सल लोखंड शापाशिवाय मोडेल का?”

“आजोबा, चमकतंय म्हणूनच ते वाईट! चांगलं लोखंड मोडलं तर राखेसारखं मंद दिसतं.”

“बस खाली, पोरा. दुःखाने डोकं फिरलंय तुझं.”

पोकुआने बोचकं उचललं. दारात थांबून म्हणाली, “राहू द्या, भावजी. मी बोलले ते बोललेच होते ना.”

ती गेली. तिला अडवायला कुणी उठलं नाही.

आठवड्याने एक ड्रायव्हर तडकलेला दांडा घेऊन भट्टीवर आला.

“उस्ताद, दोम्फे आजोबांनी सगळ्यांना तुमचं काम दाखवलं. काय चकाकी! माझाही अगदी भावासारखा करा. घाई नाही, जरा मुरू द्या.”

ओपोन्गने पाण्याची बादली उचलली आणि पेटत्या भट्टीवर ओतली.