आठांच्या लीगमधली अर्लिस

कॅल्डर गावात अर्लिस ब्रँडव्होल्डच्या तोंडून कुणी कधी 'नाही' ऐकलं नव्हतं. याचा अर्थ तिला सगळंच पटायचं असा मुळीच नाही. तिला बऱ्याच गोष्टी पटत नसत. पण अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जन्मलेल्या माणसाला नापसंती दाखवायला 'नाही' लागतच नाही. तिथे 'वेगळंच आहे हं' एवढं पुरतं. चर्चमध्ये नव्या पाद्रीबाईंनी बटाट्याच्या सॅलडमध्ये अननस घातला, तेव्हा अर्लिसने एक घास घेतला आणि हसून म्हणाली, "वेगळंच झालंय." पाद्रीबाई शिकागोकडच्या. त्यांना ती स्तुती वाटली आणि पुढच्या रविवारी त्यांनी दुप्पट अननस घातला. सबंध गाव 'चालेल, चालेल' म्हणत तो खात होतं.

अर्लिसची थोरली बहीण व्हर्ला टॅमरॅकला राहायची. गाडीने फार तर पाऊण तासाचा रस्ता, दोन्ही बाजूंना मका. लग्न होऊन ती तिकडे गेली ती गेलीच. बहिणींचं भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं, ते मिटवायच्या निमित्ताने तरी कुणी कुणाकडे गेलं असतं. पण या लोकांत काही कारण नसताना दुसऱ्याच्या दारात उभं राहणं म्हणजे त्याला त्रास देणं. त्याला कॉफी ठेवावी लागणार, सोफ्यावरचं मांजर उठवावं लागणार. सख्ख्या बहिणीलाही हा त्रास कसा द्यायचा? भेटायचं तर मयत हवं नाहीतर बास्केटबॉल. मयताचं काही सांगता येत नाही. बास्केटबॉल मात्र दर हिवाळ्यात ठरलेला.

कॅल्डरला एक छोटं कॉलेज, टॅमरॅकला दुसरं. अशी आठ कॉलेजं मिळून एक लीग होती. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा घरी, एकदा त्यांच्या गावी. म्हणजे हिवाळ्यात दोन शनिवार बहिणींचे. ते ना अर्लिसने मागितले होते, ना व्हर्लाने. लीगने परस्पर दिले होते, त्यामुळे कुणाचे उपकारही नाहीत आणि कुणाला त्रासही नाही.

या लीगची एक रीत होती. पाहुण्या गावाची माणसं बस भरभरून यायची आणि सामन्याआधी यजमान गावाच्या बायका त्यांना चर्चच्या तळघरात जेवू घालायच्या. खिमा आणि घेवड्याची वाफाळती चिली, आणि तिच्याबरोबर, वर साखर ओघळलेले दालचिनीचे रोल. मग ज्यांना जेवू घातलं त्यांच्याच पोरांच्या नावाने पुढचे दोन तास ओरडायचं. रोल अर्लिसचे असायचे.

"अर्ली, यंदा रोलमध्ये मनुका घातल्यास वाटतं," व्हर्ला म्हणायची.

"घातल्यात थोड्या."

"वेगळंच."

"वेगळंच म्हणून दोन खाल्लेस?"

"पहिला खाल्ला तो मनुका काढून टाकायला. दुसरा चव बघायला."

मग दोघी जिममध्ये जाऊन एकाच बाकावर बसायच्या, ही निळ्या, ती लाल स्वेटरमध्ये. गावकऱ्यांना त्याची इतकी सवय की त्या लाकडावर दोन बायकांचे खळगे पडलेत असं अर्लिसचा नवरा मायलो सांगायचा. त्यातला मोठा कुणाचा, हे मात्र त्याने कधी सांगितलं नाही.

"तुमचा तो उंच पोरगा बघ," अर्लिस म्हणायची, "नुसता टेलिफोनचा खांब."

"खांबाला तारा तरी असतात गं. तुमच्या त्या कॅप्टनच्या डोक्याला कशाचंच कनेक्शन दिसत नाही."

"आई असती तर तुझं तोंड साबणाने धुतलं असतं."

"आई असती तर आमच्या बाजूने ओरडली असती. तिला कळायचं खेळातलं."

आणि या चिडवाचिडवीच्या पोटात खरं बोलणं व्हायचं. नजर चेंडूवर असली की या माणसांना काहीही बोलता येतं. समोरासमोर बसवा, हवापाण्यापुढे गाडी जाणार नाही. छातीत गाठ लागली, हे व्हर्लाने सांगितलं ते समोरचा पोरगा फ्री थ्रो मारायला उभा होता तेव्हा. "चांगली नाहीये म्हणतात," ती म्हणाली. पोराचा नेम चुकला. "दुसरा घालेल तो," अर्लिस म्हणाली आणि तिने व्हर्लाच्या मांडीवर हात ठेवला. सामना संपेपर्यंत तो तिथेच होता. पुढे गाठ निघाली, व्हर्ला बरी झाली. तिचा नवरा गेला, त्यानंतरच्या हिवाळ्यात ती मध्यंतरापर्यंत गप्प होती, मग बँड वाजायला लागल्यावर म्हणाली, "घर फार मोठं झालंय." अर्लिस म्हणाली, "हो ना." एवढं बोलणं दोघींना पुढच्या शनिवारापर्यंत पुरलं.

मग लीगला पाय फुटले.

आधी बातमी आली ती धान्याच्या गोदामात, जिथे मायलो आणि त्याचे म्हातारे दोस्त रोज सकाळी कॉफी प्यायला जमायचे आणि अमेरिकेचा कारभार चालवायचे. कॅल्डर कॉलेजला एका मोठ्या लीगचं बोलावणं आलं होतं. सोळा संघ, चार राज्यं, सामने टीव्हीवर. टॅमरॅकला बोलावणं नव्हतं. टॅमरॅकची जिम लहान होती आणि विद्यार्थी त्याहून कमी.

लीगमध्ये संघ किती असावेत यावर गोदामात महिनाभर रण माजलं. एक गट म्हणायचा, आठ म्हणजे काय लीग आहे? ती तर जेवणाची पंगत झाली. दुसरा म्हणायचा, पंगतच बरी, कोण उपाशी राहिलं ते दिसतं तरी. सोळा झाले की कुणी कुणाशी खेळायचं हे यंत्र ठरवणार. मग अर्ध्या संघांची गाठच पडणार नाही आणि शेवटी चॅम्पियन ठरणार तो ज्यांच्याशी खेळलाच नाही त्यांनाही हरवून. मायलो दोन्ही बाजूंनी बोलायचा. घरी येऊन त्याने अर्लिसला विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मला काय कळतंय त्यातलं," अर्लिस म्हणाली आणि कणिक मळत राहिली. फक्त त्या दिवशी तिने ती इतकी मळली की रोल विटांसारखे झाले. मायलोने चार खाल्ले आणि म्हणाला, "पोटभरीचे झालेत."

कॉलेजचे अध्यक्ष डॉ. पेल्टन यांनी जिममध्ये गावाची सभा बोलावली. भला माणूस. भल्या माणसासारखा टाय आणि भल्या माणसासारखा नकाशा घेऊन आला होता. नकाशावर सोळा ठिपके, त्यातला एक कोलोराडोत. हे केलं नाही तर आपलं कॉलेज टिकणार नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि ते कदाचित खरंही असेल. मग हात जोडल्यासारखे करून म्हणाले, "कुणाला काही अडचण? मोकळेपणाने बोला."

कॅल्डरच्या माणसाला मोकळेपणाने बोला म्हणणं म्हणजे माशाला झाडावर चढ म्हणणं. जिमभर खोकल्यांची साथ पसरली. अर्लिसने येताना गाडीत वाक्य तयार केलं होतं. साधंच होतं, 'टॅमरॅकला सोडू नका.' ती उभी राहिली. सगळी जिम वळून बघायला लागली. अर्लिस उभी राहते म्हणजे छत तरी गळत असणार.

"डॉक्टर," ती म्हणाली, "या सोळा गावांची माणसं येणार, तर चर्चच्या तळघरात ती मावतील का? म्हणजे चिलीचं बघावं लागेल."

"मिसेस ब्रँडव्होल्ड, किती विचार करता तुम्ही!" पेल्टन अगदी गहिवरले. "पण इतक्या लांबून माणसं कुठली येणार? फक्त खेळाडू येतील, विमानाने. ते हॉटेलात जेवतील."

"म्हणजे कुणी जेवायला येणार नाही?"

"तुमचे कष्ट वाचले!" पेल्टन म्हणाले. "तुम्हाला काही अडचण नाही ना?"

सगळं वाक्य अर्लिसच्या जिभेवर होतं. "छे, छे," ती म्हणाली. "आमच्यासाठी तुम्ही काही त्रास घेऊ नका." आणि ती बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मायलो तिच्याकडे बघत राहिला. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला काही गोष्टी दिसतात, पण तोही कॅल्डरचाच. त्याने तिला कोट घालायला मदत केली.

शेवटचा सामना टॅमरॅकला झाला. चिली व्हर्लाकडच्या बायकांची होती. फुकट जेवणाला कोण नावं ठेवणार, पण मीठ कमीच होतं. टॅमरॅकच्या पोरांनी त्या दिवशी कॅल्डरला धुऊन काढलं. व्हर्लाने एकदाही टोमणा मारला नाही. त्यावरूनच अर्लिसने ओळखायला हवं होतं.

शेवटची काही मिनिटं उरली होती. पोरं घामाघूम होऊन टाइम आउटला बाकाकडे येत होती. व्हर्ला समोर बघत म्हणाली, "कर्ट म्हणतो, ॲरिझोनाला ये. त्यांच्या मागच्या अंगणात वेगळी खोली आहे."

कर्ट तिचा मुलगा. नको जाऊस, असं अर्लिसला म्हणायचं होतं. पण ज्या बाईचा मुलगा तिला बोलावतोय, तिला अडवणं म्हणजे आपल्या स्वार्थासाठी तिला थंडीत बसवणं. असं कोण करतं?

"बर्फ तरी उपसावं लागणार नाही," अर्लिस म्हणाली.

व्हर्ला थोडा वेळ थांबली. टाइम आउट संपला, शिट्टी वाजली, पोरं पुन्हा मैदानात गेली. ती अजून थांबलीच होती. "हो, ते खरंय," ती शेवटी म्हणाली.

"इकडे कधी आलीस तर ये."

"बघू. आता तुम्ही मोठ्या लोकांत."

बसजवळचा निरोप या लोकांच्या रीतीप्रमाणे लांबलचक झाला. चला निघायला हवं, असं म्हणून उभं राहायचं, मग रस्त्यांवर बोलायचं, मग मक्याच्या भावावर, मग पुन्हा चला म्हणायचं. त्या एवढ्या वेळात बोलायची ती गोष्ट सोडून दोघी सगळं बोलल्या. बस निघाल्यावर व्हर्लाने हात हलवला, तो जरा उशिराच खाली गेला.

पुढच्या हिवाळ्यात कॅल्डरच्या जिममध्ये नवीन दिवे आले, कॅमेरे आले. अर्लिस आपल्या जागी बसायची. समोर कोलोराडोचे पोरगे, सगळे देखणे, सगळे परके. त्यांना काय म्हणून चिडवणार? ते कुणाचे कोण, हेच माहीत नाही. तिच्या शेजारी एक तरुण जोडपं बसायला लागलं. ते फोनवर दुसराच सामना बघायचे. चर्चचं तळघर बंद असायचं.

तिने टॅमरॅकला जायचं मनात आणलं नाही असं नाही. पण निमित्त काय सांगणार? अर्लिस आणि व्हर्ला शाळेत खेळल्या तेव्हा मुलींचा बास्केटबॉल सहा-सहा जणींचा असायचा. मैदानाच्या मधोमध रेष, तीन मुलींनी अलीकडे फक्त अडवायचं, तीन जणींनी पलीकडे फक्त बास्केट करायच्या, रेष कुणी ओलांडायची नाही. व्हर्ला बास्केट करणारी, अर्लिस अडवणारी. चेंडू मिळवायचा, रेषेपर्यंत न्यायचा आणि पलीकडे बहिणीच्या हातात द्यायचा, मग उभं राहून बघायचं. शाळेच्या सगळ्या वर्षांत अर्लिसने एकदाही बास्केटकडे चेंडू फेकला नाही. फेकायचा नसतो, असंच तिला शिकवलं होतं.

जानेवारीत मायलो बियाण्याच्या कामाला टॅमरॅकला जाऊन आला. रात्रीच्या जेवणात म्हणाला, "व्हर्लाच्या अंगणात पाटी आहे. विकलं म्हणून."

"घर?"

"गाडी नसणार. गाडीला कोण पाटी लावतं?" आणि मग बायकोचा चेहरा बघून त्याने काटा खाली ठेवला. "मी विचारायला थांबणार होतो. म्हटलं, तिला उगाच त्रास."

दुसऱ्या दिवशी कॅल्डरचा टीव्हीवरचा सामना होता. अर्लिस सकाळीच गाडी घेऊन निघाली. काहीही निमित्त न करता, हातात काही न घेता. पाऊण तास ती एकच गोष्ट घोकत होती आणि या वेळी तिने ती गाडीत ठेवली नाही. व्हर्लाने दार उघडलं तेव्हा मागे रिकामी खोली होती, भिंतींवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन. कर्ट बाहेर ट्रकमध्ये खोकी चढवत होता.

"अगं? कोण गेलं?" व्हर्लाने घाबरून विचारलं.

"कुणी नाही," अर्लिस म्हणाली. "व्हर्ला, मला नाही चालणार. तू गेलेली मला नाही चालणार. तेव्हाही चालत नव्हतं. लीग सोडली तेही नाही. मला काहीच चालत नव्हतं."

व्हर्ला चौकट धरून उभी राहिली. तिच्या पाठीमागे घर इतकं रिकामं होतं की अर्लिसचे शब्द आतून परत ऐकू आले.

"आता म्हणतेस?" ती म्हणाली. "कर्ट गेली सहा वर्षं बोलावतोय मला. मी त्याला सांगायचे, जानेवारीत आमचा सामना आहे, फेब्रुवारीत आमचा सामना आहे. त्याला वाटायचं, आईला खेळाचं वेड. त्या दिवशी तुला सांगितलं ते कशाला, असं वाटलं तुला?"

"मला वाटलं, तुला जायचंय."

"तू एकदा नको म्हणाली असतीस तर मी या घरात बर्फाखाली पुरून घेतलं असतं गं स्वतःला."

"मग आता—"

"आता सह्या झाल्या, अर्ली. उद्या सकाळी ती माणसं राहायला येतायत. लहान पोरं आहेत त्यांना."

कर्ट दारात आला, मावशीला मिठी मारली, म्हणाला, "मावशी, ॲरिझोनाला या ना, तिथे कायम ऊन." अर्लिस म्हणाली, "बघू." या माणसांत 'बघू' म्हणजे काय ते तिघांनाही माहीत होतं. अर्लिस कधी विमानात बसली नव्हती, आणि मायलोला तर लिफ्टचीही भीती.

खुर्च्या गेल्या होत्या. दोघी बहिणी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. बघायला समोर मैदान नव्हतं, चेंडू नव्हता, त्यामुळे एकमेकींकडेच बघावं लागलं आणि ते दोघींनाही फार वेळ जमेना. व्हर्लाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसं तिने कोपऱ्यातला झाडू उचलला.

"जमीन बघ कशी झालीये," ती म्हणाली. "घर घेतलेल्या त्या बाईने येऊन हे बघायचं म्हणजे..."

"सुपली कुठेय?"

व्हर्ला झाडत गेली, अर्लिस वाकून सुपली धरत गेली. ट्रकचा हॉर्न वाजला तरी दोघींनी सावकाश कोपरे काढले, चुलीमागचा, सिंकखालचा, दाराआडचा, आणि एकदा झाडून झालेला कोपराही पुन्हा झाडला.