दोन हातांची दोन घड्याळं

मामानं जन्मात मनगटाला घड्याळ बांधलं नव्हतं, आणि बांधलं तेव्हा एकदम दोन! एक डाव्या हाताला, एक उजव्या. त्या थाटात तो मालेगावच्या बाजारात वांगी विकत बसला. लोक मुद्दाम विचारायचे, "मामा, किती वाजले?" मामा गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "कोन्या हाताचे सांगू?"

कारण होतं माझं लग्न. वडील लवकर गेले, म्हणून मी मामाच्याच मळ्यात वाढले. नवरा मुलगा वाशीमला मास्तर. सासरची एकच मागणी होती: जावयाला विलायती हातघड्याळ, चारचौघांत दाखवण्यासारखं. अकोल्याच्या ओळखीच्या दुकानदारानं दोन दाखवली. एक चौकोनी, सोन्याचं. दुसरं गोल, पांढऱ्या तबकडीचं. दोन्ही सारखीच भारी. मामाला काही ठरवता येईना. बैल जुंपून पाहिल्याशिवाय तो कधी घेत नसे. तोच नियम त्यानं घड्याळांना लावला आणि आठ दिवसांच्या बोलीवर दोन्ही घरी आणली.

मामाचं स्वतःचं घड्याळ म्हणजे विहिरीवरचा खांब. खांबाची सावली खुणेच्या दगडावर आली की बारा वाजले. मग मोट थांबायची आणि बैल सुटायचे. शेजारचे मळेवालेही त्यावरच भाकरी सोडायचे.

पहिल्याच दुपारी सावली दगडावर आली, तर दोन्ही घड्याळं वीस मिनिटं पुढे! मामा उखडला. "दोनी लबाड! सावली कायले खोटं बोलन?" चावी ओढून त्यानं दोन्हींचे काटे मागे घेतले आणि सावलीशी जुळवले. आठव्या दिवशी पाहतो तर सोन्याचं पुन्हा चार मिनिटं पुढे पळालेलं, पांढरं मात्र जागच्या जागी.

"हे ऐकते," मामा म्हणाला. "हेच देऊ."

मामी कळवळली. "अवो, सोन्याचं द्या. पोरीले सासरी टोमणे ऐका लागन."

"मनगटावर चमकते अन् मनाले येईन तसं पयते, असं कायले पाह्यजे?"

मला धडकीच भरली. सासूबाईंच्या जिभेची कीर्ती माझ्या कानावर आली होती.

लग्न झालं, वऱ्हाड परतलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं आणि सासूबाई मोटारीनं निघणार होतो. नवरदेवानं ऐटीत मनगट पाहिलं. "अजून वीस मिनिटं आहेत, चहा होऊन जाऊ द्या." चहा झाला. अड्ड्यावर पोचलो तर मोटार केव्हाच गेलेली! सासूबाई फणफणल्या, "घड्याळ दिलं का खेळणं?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मामानं दमणीला बैल जुंपले. वाटेत त्यानं सावलीची सगळी हकीकत सांगितली. नवरदेव पोट धरून हसले. मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. मोटारी रेल्वेच्या वेळेनं चालतात आणि आपल्याकडे सूर्य त्यापेक्षा उशिरा डोक्यावर येतो, हे त्यांनी नीट समजावलं. मामानं सगळं ऐकून घेतलं. "मंग रेल्वेनं सुर्याले इचारा लागत होतं," तो म्हणाला. यावर सासूबाईसुद्धा हसल्या. माझा जीव तिथं भांड्यात पडला.

यांनी ते काटे कधी पुढे केले नाहीत. शाळेसाठी वीस मिनिटं मनातल्या मनात मिळवायचे. मामा भेटायला आला की माझी खुशाली विचारायच्या आधी यांचं मनगट धरायचा. "ऐकते ना अजून?"

मामा वारल्यावर एकदा घड्याळ साफ करायला दिलं, तर कारागिरानं काटे बरोबर करून पाठवले. यांनी ते पुन्हा वीस मिनिटं मागे घेतले. आजही त्यात बारा वाजले की माझा हात कामावरून उचलला जातो. वाटतं, मामानं आता बैल सोडले असतील.