त्याइले द्या

साठनंतरची दोन-चार वर्षं असतील. अकोल्यात एका तेलगिरणीच्या ऑफिसात मी टेलिफोनच्या बोर्डावर बसायचे. बाहेरच्या दोन लाईनी आणि आतले दहा फोन, एवढाच पसारा. फोन आला की त्या लाईनीची पितळी झडप खट्कन पडायची. लाईन कोणती ते झडप सांगायची. पलीकडे कोण आहे, ते काढून घ्यायला मी होते.

आमच्या वस्तीतली मॅट्रिक झालेली मी पहिलीच मुलगी. नेमणुकीचं पत्र वडिलांनी आठ दिवस बुद्धाच्या तसबिरीपुढे ठेवलं होतं. सहा महिने काम पाहून मग कायम करू, असंही त्यात लिहिलं होतं. ती ओळ मात्र वडिलांनी कोणाला वाचून दाखवली नाही.

मॅनेजरसाहेब पुण्याकडचे, शिस्तीचे भोक्ते. त्यांनी चिठ्ठ्यांची वही छापून घेतली: बोलणाऱ्याचं नाव, फोन कोणाला हवा त्याचं नाव, निरोप. नावं कळल्याशिवाय फोन जोडायचा नाही. वऱ्हाडात लोक फोनवर नाव सांगतात, हा त्यांचा समज कुठून झाला कोण जाणे. परतवाड्याच्या व्यापाऱ्याला "कोण बोलतंय?" विचारलं की तो म्हणायचा, "मी बोलून राह्यलो ना." त्याला निदान दटावता तरी यायचं. कारकुनांच्या बायकांचं काय करायचं? त्या डॉक्टरच्या दवाखान्यातून नाहीतर किराणा दुकानातून फोन करायच्या आणि म्हणायच्या, "त्याइले द्या."

"कोणाला?"

"त्याइलेच."

ऑफिसात असे 'ते' बावीस होते. नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी व्हायचं आणि वही कोरी राहिली तर माझी नोकरी. मग मी आवाज ओळखायला शिकले. बोलण्याआधी खाकरणारी खजिनदारांची, दोनदा "हालो" म्हणणारी टायपिस्टची. नावं माझी मीच भरायचे. दोन महिन्यांत साहेब पाहुण्यांना वही उघडून दाखवू लागले, की बघा, इथल्या बायकाही कशा सुधारल्या. मलाही माझ्या कानांचा गर्व झाला होता, खोटं कशाला बोलू.

सहावा महिना चालू होता. दुपारी झडप पडली. पलीकडून एक बाई रडत बोलत होती. "बाई, त्याइले सांगा, मायची तब्येत लई बिघडली. गावावरून माणूस आला. मी त्याच्यासंगं पुढं निघून राह्यली. त्याइले म्हना, तसेच गावाकडे निघा."

"कोण बोलतंय?" मी विचारलं, तोवर तिने फोन ठेवला होता. आवाज ओळखीचा वाटला. वजनकाट्यावरच्या कारकुनांची बायको, मी ठरवून टाकलं. रडताना सगळ्यांचा आवाज सारखाच होतो, एवढी अक्कल तेव्हा नव्हती. चिठ्ठीत त्यांचं नाव लिहिलं आणि निरोप दिला. ते बिचारे डोळे पुसत परतवाड्याच्या एसटीत बसले. तिथे त्यांची आई अंगणात तूर पाखडत होती. मुलाला अवेळी पाहून म्हणाली, "काहून आला रे?"

फोन गोदामवाल्यांच्या बायकोचा होता. गोदामवाले संध्याकाळपर्यंत पोती रचून घेत होते. घरी गेले तर दाराला कुलूप. शेजारणीने सांगेपर्यंत हिवरखेडची शेवटची गाडी निघून गेली होती. सकाळी ते पोचले तेव्हा आई गेलेली होती. शेवटपर्यंत ती त्यांनाच हाका मारत होती म्हणे.

साहेबांनी वही मागवली. माझी चिठ्ठी स्वच्छ होती. नाव, आडनाव, निरोप, सगळं जिथल्या तिथे. "तुमची काही चूक नाही," ते म्हणाले. "त्या बाईनेच गडबडीत दुसऱ्याचं नाव सांगितलं." मी मान खाली घालून उभी राहिले. त्याच आठवड्यात मी कायम झाले आणि वडिलांनी वस्तीत पेढे वाटले.

तेरावं झाल्यावर गोदामवाले कामावर आले, सोबत बायको. साहेबांचं म्हणणं ऑफिसातल्या कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं आणि त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. आईची भेट चुकली ती चुकलीच, वर हिने परक्या पुरुषाचं नाव घेतलं, ही बोच वेगळी. ती सरळ माझ्या बोर्डापाशी आली.

"बाई, लगन झाल्यापासून मी याइचं बी नाव नाई घेतलं. दुसऱ्याचं घेईन का? तुमीच आयकलं ना फोनवर. तुमी सांगा याइले."

मला तेव्हा स्वतःची इतकी लाज वाटली, की खरं तोंडापर्यंत आलं होतं. पण साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं.

"त्या दिवशी लाईन खराब होती," मी म्हणाले.

गोदामवाल्यांनी मान डोलावली. त्यांना तेवढं पुरलं. ती मात्र माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवशी लाईन कशी होती, हे माझ्याखेरीज एकट्या तिलाच ठाऊक होतं.