मंत्र्याच्या डब्यातल्या ओव्या

मुनवर शेख पहिल्यांदा रेडिओ केंद्राच्या फाटकाशी आला, तेव्हा धाराशिव जिल्ह्यात युद्ध पेटायचंच काय ते बाकी राहिलं होतं. त्याच्या खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी गोल आणि जड होतं. ते बघून पहारेकरी कोंडीरामानं अशी शिट्टी फुंकली की नळदुर्गाच्या बुरुजावरच्या घारी उडाल्या म्हणतात. त्यानं फाटकाला तीन कुलपं ठोकली आणि आत उभा राहिला. चाव्या बाहेर राहिल्या. गोणपाट सुटलं, तर आत दळायचं जातं निघालं.

"रेडिओवर दळण मिळत न्हाय," कोंडीराम आतून म्हणाला.

"दळण मी आणलंय," मुनवरची आई बेगमबी पुढं झाली. "गाणं तुमाला पायजे. जात्याबिगर माझा गळा सुटत न्हाय. आन् ह्या चाव्या घे बाबा, माझ्या पायाशी पडल्यात."

नव्या केंद्राला जात्यावरच्या ओव्या हव्या होत्या, म्हणून ती कळंबहून एसटीनं आली होती. कंडक्टरनं जात्याचं अर्धं तिकीट फाडलं होतं. स्टुडिओच्या गालिच्यावर तिनं ज्वारी दळत चौदा ओव्या म्हटल्या. पीठ कोंडीरामाच्या घरी गेलं आणि पोरगा टेपा सांभाळायला तिथंच चिकटला.

चिकटला हाच शब्द बरोबर. त्या केंद्रात सगळंच चिकट होतं. टेपा कमी, म्हणून आज ऐकवलेलं उद्या पुसायचा दस्तूर. गोंधळी पुसून त्यावर तुरीवरची अळी, अळी पुसून त्यावर कुटुंबकल्याण. मुनवरला शिसारी यायची. पुसायचं नाही ते फक्त मंत्र्यांचं भाषण. तेवढी कुणाची छाती नव्हती. म्हणून मुनवरनं एका दुपारी आईची टेप मंत्र्याच्या डब्यात घातली आणि मंत्र्याला ओव्यांच्या डब्यात. आठवड्यात मंत्र्यावर अळी चढली. कुणाला पत्ता लागला नाही, आणि मुनवरनंही ही गंमत कुणाला सांगितली नाही.

पुढं केंद्राची रया गेली. दिवसभर मुंबईचे कार्यक्रम तसेच पुढं सोडायचे, एवढंच काम उरलं. स्टुडिओत पारवे शिरले, गालिचा त्यांच्या घाणीनं पांढरा झाला. जिन्यात गुटख्याचे थर साचले. मायक्रोफोनच्या टोपीत पालीनं अंडी घातली. साहेब येत, नाकाला रुमाल लावत आणि बदली मागत. टेप वाजवायचं यंत्र नऊ वर्षं मरून पडलं होतं. मुनवर रोज सगळ्याला एक शिवी हासडून केर काढी, मग तेवढा एक डबा आपल्या रुमालानं पुशी. बेगमबी जाऊन बारा वर्षं झाली होती. तिचा आवाज आता त्या डब्यातच होता.

मग राजेश्वरीबाई केंद्रप्रमुख म्हणून आल्या. त्यांनी चक्क यंत्र दुरुस्त करून घेतलं. "मुनवरभाई, वर्धापनदिनाला केंद्राचा इतिहास ऐकवायचाय. जुनं काही आहे का?"

"हाय एक चीज. मोतीबिंदू काढून येतो, मग दावतो."

त्याच महिन्यात तो निवृत्त होणार होता. जाताना आईला रेडिओवर ऐकायचं, एवढाच त्याचा बेत. आठ दिवसांनी तो परतला, तर मांडणी रिकामी.

"त्या भाषणांना काय वास मारत होता हो," बाई म्हणाल्या. "ऐकणार कोण? तुमच्याच यादीत बघून काढली. ते जुने पहारेकरी घेऊन गेले, शेतात लावायला."

कोंडीराम वाशी तालुक्यात शेती करत होता. मुनवर पोचला तेव्हा हुरड्यात आलेल्या ज्वारीवर काठ्यांना ताणलेल्या तपकिरी फिती वाऱ्यानं घुमत होत्या.

"ये मुनवर. डोळा कसा हाय?"

"दिसतंय."

"लई गुणाची टेप. मंत्र्याच्या भाषणाला चिमणी बी थांबत न्हाय बघ."

"कोंडीभाऊ, त्यात एक अम्मीची होती."

कोंडीरामानं हातातला विळा बांधावर ठेवला. "जात्याची?"

"व्हय."

"इळ्यानं तोडून बांधल्यात रं समद्या."

दोघं बांधाबांधानं हिंडले. सगळ्या फिती सारख्याच होत्या, उन्हानं कडक झालेल्या. हात लावला की तुटायच्या.

वर्धापनदिनाला केंद्रावरून मुंबईचा कार्यक्रम लागला. कोंडीरामाला त्या साली एकरी आठ क्विंटल ज्वारी झाली.