पंपाच्या भोकाला बूच

मंडळी, आज पनवेलहून करंजाला एका होडीचं इंजिन बघायला गेलो आणि डोकं फिरवून घेऊन आलो.

छोटं डिझेल इंजिन. ते गार ठेवायला समुद्राचं पाणी खेचणारा एक पंप असतो, आणि त्याच्या पोटाखाली बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की तिथून पाणी ठिबकतं, म्हणजे आपल्याला कळावं.

होडीवाल्या काकांनी त्या भोकात लाकडाचं बूच ठोकलं होतं, होडीच्या फळीला ठोकतात तसं. बाहेरची वाट बुजल्यावर पाणी थेट इंजिनात शिरलं. ऑइल बघितलं तर दुधाच्या चहासारखं.

मी तोंडाला येईल ते बोललो. एका सीलचं काम होतं, आता अख्खं इंजिन खोलायचं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मिस्त्री, तुमीच फोनवर बोल्ले ना, आदी गळती बंद करा. मी केली. आता एक थेंब नाय पडत."

परवा मी अगदी हेच म्हणालो होतो.

घरी पोचलोय, राग तसाच आहे, फक्त आता तो माझ्यावर आहे. तुम्ही फोनवर काम सांगता तेव्हा समोरच्याला काय कळलं ते विचारता का? मी नाही विचारलं.